‘हातात घेतलो काय कळता’ : आंब्याची पारख नव्या गड्यांना कशी शिकवायची?

देवगडच्या एका बागायतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरची हापूसची बाग. शेडमध्ये निवडीला तीसेक वर्षं एकच माणूस, तात्या. फळ हातात आलं की कोवळं का तयार हे ते क्षणात सांगतात, पण कशावरून ते त्यांना सांगता येत नाही. विचारलं तर म्हणतात, “आंबो हातात घेतलो काय कळता. ह्यात शिकवूचा काय?” आता तात्यांचे गुडघे त्यांना खाली बसू देत नाहीत. यंदा चार नवे गडी घेतले, त्यातले दोघे नेपाळचे. मालकांनी नऊ मुद्द्यांची यादी केली, सगळ्यांकडून घोकून घेतली, तोंडी परीक्षाही घेतली. यादी येते, आंबा ओळखता येत नाही. कोवळा माल पेटीत जातो आणि वाशीहून फोन येतात. मानसशास्त्रात याचं काही उत्तर आहे का? शेडमध्ये मुलं दिवसभर गाणी लावतात, ती बंद करावीत का? आणि तात्यांच्या डोक्यातलं व्हिडिओत साठवून ठेवता येईल का?

मी पंचवीस वर्षं बोधनिक मानसशास्त्र शिकवलं आणि गेली काही वर्षं काजू, मासळी, आंबा अशा हातानं निवडायच्या कामांवर माणसं तयार करण्यात घालवली. तरी सुरुवात माझ्या फजितीपासून करते. एका पॅकिंगवाल्यांना मी हौसेनं रंगीत तक्ता करून दिला होता. फोटो, बाण, वजनाचे आकडे, वर लॅमिनेशन. दोन आठवड्यांनी गेले तर तक्ता चहाच्या किटलीखाली. कामाला असलेल्या मुलींचा दोष काहीच नव्हता, त्यांना तो तोंडपाठ होता. फळ हातात आल्यावर तक्त्यातला तिसरा मुद्दा आठवेपर्यंत पुढचा क्रेट समोर येऊन पडायचा, एवढंच.

तुमची यादी आणि माझा तक्ता एकाच जागी अडकले. १९८४ साली बेरी आणि ब्रॉडबेंट यांनी इंग्लंडमध्ये लोकांना संगणकावरचा एक साखर कारखाना चालवायला दिला होता. कामगारांची संख्या कमी-जास्त करायची आणि उत्पादन ठरलेल्या पातळीवर ठेवायचं. सरावानं लोक कारखाना चांगला चालवू लागले, पण तो कसा चालतो यावरच्या लेखी प्रश्नांत त्यांची प्रगती दिसेना. उलट ज्यांना तोंडी समजावून सांगितलं त्यांची लेखी उत्तरं सुधारली, कारखाना मात्र होता तसाच हेलकावे खात राहिला. करता येणं आणि सांगता येणं ही दोन वेगळी खाती आहेत. एकात भरलेले पैसे दुसऱ्यात आपोआप जमा होत नाहीत. तुम्ही तोंडी परीक्षा घेतलीत तेव्हा दुसऱ्या खात्याचं पासबुक तपासलंत.

आता तात्यांकडे येऊ. त्याच पॅकिंगवाल्यांकडे एक म्हातारे निवडकरी होते, तुमच्या तात्यांच्याच वळणाचे. त्यांना विचारलं, काय बघता? “रंग बघतंय.” मग मी तासभर नुसती त्यांच्या हाताकडे बघत बसले. डाव्या हातानं फळ उचललं जायचं आणि तळहातात एक गिरकी घेऊन देठ वर यायचा. अंगठा देठाच्या बाजूच्या खांद्यावरून एकदा फिरायचा, खांदा वर आलाय का, देठापाशी खळगा पडलाय का ते चाचपत. मग हात जेमतेम दिसेल इतका खाली-वर व्हायचा, म्हणजे वजनाचा अंदाज. आणि फळ क्रेटमध्ये. हे चालू असताना नजर कित्येकदा पुढच्या फळावर गेलेली असायची. संध्याकाळी पिवळा दिवा लागला. त्या उजेडात रंग कसला दिसणार! त्यांचा हात मात्र त्याच चालीनं चालू होता.

म्हणजे ते खोटं बोलत होते का? नाही. आपण सगळेच या बाबतीत सारखे असतो: कारण विचारलं की जे पटण्यासारखं वाटतं ते तोंडात येतं. निस्बेट आणि विल्सन यांच्या १९७७ च्या लेखात याचं मासलेवाईक उदाहरण आहे. दुकानात नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड मांडले होते, चारही अगदी सारखे. कोणता चांगला विचारल्यावर लोकांचा कल उजवीकडच्या शेवटच्या जोडाकडे गेला. कारण विचारलं तर वीण, पोत, कापड. जागेमुळे निवडला असं कुणीच म्हणालं नाही. तेव्हा तात्यांच्या तोंडून यादी काढून घेण्याचा नाद सोडा. ते जी यादी देतील ती त्यांच्या हाताची असेलच असं नाही.

मग हात शिकला कसा? १९६७ साली आर्थर रेबर यांनी एक साधा प्रयोग केला, त्यातून ‘इम्प्लिसिट लर्निंग’ म्हणजे नकळत शिकणं हा विषयच उभा राहिला. टी, पी, व्ही, एक्स, एस या पाच अक्षरांच्या निरर्थक माळा लोकांना पाठ करायला दिल्या. माळा एका लपलेल्या नियमानं बनवल्या होत्या, पण ते कुणाला सांगितलं नव्हतं. पाठांतर झाल्यावर सांगितलं की यात नियम आहे, आता या नव्या माळांतल्या नियमाला धरून कोणत्या ते ओळखा. लोक म्हणाले, आम्हाला नियम माहीत नाही. आणि तरी त्यांची उत्तरं नुसत्या अंदाजानं येतील त्यापेक्षा बरीच जास्त बरोबर आली.

हे वाचून काही लोक फार हुरळतात. अंतर्मन, सहावं इंद्रिय वगैरे. तसं काही नाही. १९९० मध्ये पेरुशे आणि पॅक्तो या दोघांनी दाखवलं की लपलेला नियम वगैरे डोक्यात शिरायची गरजच नव्हती. कोणती दोन अक्षरं शेजारी-शेजारी येतात एवढं लक्षात राहिलं तरी बरीचशी कामगिरी समजावता येते. या विषयावरचा वाद अजून मिटलेला नाही, आणि मला स्वतःला तुकड्यांची बाजू जास्त पटते. तात्यांच्या डोक्यात आंब्याचा सिद्धांत नाही. हजारो फळांचे तुकडे आहेत: असा खांदा आणि असं वजन एकत्र आलं तेव्हा फळ चांगलं निघालं, असा खांदा पण फळ हलकं तेव्हा नाही.

असं शिकायला आठवणीचं नेहमीचं यंत्रसुद्धा लागत नाही. हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाच्या मेंदूवर १९५३ मध्ये फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनाशा झाल्या. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची कड गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, पण प्रत्येक दिवशी त्याला वाटे की हे काम आपण पहिल्यांदाच करतोय.

आता नऊ मुद्दे का चालले नाहीत ते. एक तर संख्या. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात, अधिक-उणे दोन असा आकडा दिला आणि तो म्हणीसारखा रूढ झाला. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी पुराव्यांची फेरतपासणी करून तो चारच्या आसपास आणला. काम करताना एका वेळी मनात धरता येतात त्या गोष्टी एवढ्याच. नऊ मुद्दे घेऊन माणूस परीक्षेला बसू शकतो, क्रेटसमोर नाही.

पण संख्येपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. आंब्याचा चौदा आणे तयारपणा, म्हणजे फळ काढणीजोगं झालं का हे, एका खुणेवर ठरत नाही. खांदे वर येणं, सालीचा गडद हिरवा फिका पडणं, अंगावरचे ठिपके उठून दिसणं, वजन, या सगळ्यांचा मेळ बसावा लागतो. लहान फळ जड लागलं तर एक अर्थ, मोठं फळ तेवढंच जड लागलं तर दुसरा. असा मेळ शब्दांत मांडायला गेलं की ‘जर-तर’चं जाळं होतं. मॅडॉक्स, अ‍ॅश्बी आणि बोहिल यांनी २००३ मध्ये या दोन प्रकारांची तुलना केली. एका खुणेच्या, तोंडानं सांगता येईल अशा नियमानं वर्गवारी करायची, की दोन खुणांचा मेळ घालून, ज्याला सोपा शब्द नाही. उत्तरानंतर चूक-बरोबर लगेच सांगितलं तर दोन्ही गट शिकले. ते सांगायला अडीच सेकंदांचा जरी उशीर केला तरी मेळ घालणाऱ्यांचं शिकणं खालावलं, नियमवाल्यांना फारसा फरक पडला नाही. या निकालाच्या अर्थावर पुढे बरीच चर्चा झाली, पण शेडसाठी तो मला फार कामाचा वाटतो. कारण तुमच्या गड्यांना आपली चूक कळते कधी? फळ आढीत जातं किंवा पेटीतून वाशीला जातं, आठवडा उलटून जातो आणि मग फोन येतो की अमुक पेटीत कोवळा माल निघाला. त्यातलं कोणतं फळ कुणी घातलं? कुणाच्या हाताला ते आठवणार? तो फोन म्हणजे बोलणी खाणं झालं, शिकणं नव्हे.

तेव्हा तात्यांना शेडमध्ये आणा, पण निवडायला बसवू नका. खुर्ची द्या. सकाळी माल आल्यावर चाळीसेक फळं वेगळी काढा, आणि तीही वेगवेगळ्या कलमांची. कातळावरच्या बागेतली आणि खालच्या वळणातली फळं दिसायला सारखी नसतात. एकाच कलमाच्या फळांवर शिकलेला गडी दुसऱ्या बागेचा माल आला की गांगरतो. तात्यांकडून प्रत्येक फळाचा निकाल आधी घ्या आणि चिकटपट्टीवर आकडा लिहून फळाच्या बुडाला लावा. मग एकेका गड्याला फळ हातात द्यायचं. त्यानं आधी बोलायचं, ‘कोवळा’ किंवा ‘तयार’. त्याचा शब्द संपतो न संपतो तोच तात्यांनी हो किंवा नाही म्हणायचं. फळ अजून त्याच्या हातात असतानाच. पुढचं फळ. बस्स. चाळीस फळांना दहा मिनिटंही लागत नाहीत. नेपाळच्या मुलांची तुम्हाला भाषेची काळजी वाटते, पण इथे शब्द लागतात चार. उलट मी तर म्हणेन, त्या दोघांना तुमची यादी नीट कळली नसेल तर ते थोडे पुढेच असतील.

आधी अंदाज आणि मग उत्तर, हा क्रम मोडू नका. तात्यांनी आधी दाखवायचं आणि मुलांनी मान डोलवायची, असं केलंत की सगळ्यांना वाटेल कळलं. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला विचारून बघणं जास्त टिकतं हे रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये उताऱ्यांवर दाखवलं होतं. एका आठवड्यानंतर नुसतं चार वेळा वाचणाऱ्यांना मजकुराचा ४० टक्के भाग आठवत होता. एकदाच वाचून तीनदा आठवून बघणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत अशी की वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा होता. तिथे उतारे होते, इथे फळं आहेत, पण शिकवणाऱ्याची चूक तीच होते.

तात्यांचाच निकाल बरोबर कशावरून, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा. चाळीसपैकी दहा फळं त्यांना न सांगता दुसऱ्या दिवशी परत द्या. ते स्वतःशी किती सहमत होतात ते बघा. शिवाय बादलीभर गोडं पाणी ठेवा. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं, हा जुनाच उपाय आहे आणि त्यामागे विशिष्ट गुरुत्वाचा साधा हिशेब आहे. सगळा माल बुडवत बसू नका, सरावाची वादग्रस्त फळं तेवढी टाका. गड्याच्या डोळ्यांसमोर फळ तळाला गेलं की तात्यांच्या ‘हो’पेक्षा तो पुरावा जास्त बोलतो. आणि अधूनमधून तात्याही हरतील. हरू द्या, पोरांना त्या दिवशी जास्त हुरूप येतो.

शब्द अगदीच टाकाऊ आहेत असं मात्र नाही. कोंबडीच्या एक दिवसाच्या पिलात नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखणारे लोक असतात. ते काम शिकायला फार काळ लागतो अशी ख्याती. १९८७ मध्ये बिडरमन आणि शिफ्रार यांनी अनुभवी माणसाच्या मदतीनं एक छोटी सूचना तयार केली. नेमकं कुठे बघायचं आणि तिथे काय फुगीर, काय सपाट असतं, एवढंच. फोटो ओळखताना अननुभवी लोक साठ टक्क्यांच्या आसपास होते, ती सूचना वाचल्यावर चौऱ्याऐंशी टक्क्यांपर्यंत गेले. मी हे माझ्या तक्त्याच्या फजितीनंतर पुन्हा वाचलं आणि चूक लक्षात आली. माझा तक्ता काय ठरवायचं ते सांगत होता, कुठे बघायचं ते नाही. तुमच्या नऊ मुद्द्यांतला एक ठेवा: देठ वर करा, अंगठा खांद्यावर. बाकीचे आठ हाताला शिकू द्या.

सराव रोज अर्धा तास, आठ-दहा दिवस. एका रविवारी चार तास बसवून उरकू नका. ब्रिटिश पोस्टातल्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांनी, १९७८ चा लेख आहे, चार वेळापत्रकं ताडून पाहिली. दिवसाला एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास सगळ्यात कमी लागले. आणि सगळ्यात नाराजही तेच होते, कारण दिवस मोजले तर ते मागे पडल्यासारखे वाटत. तेव्हा चौथ्या दिवशी एखादा गडी कंटाळून म्हणेल की असं रखडत काय शिकवताय. त्याचं ऐकू नका.

इथेच साक्याचा विषय काढते, कारण प्रत्येक गावात एक तरी माणूस असतो जो म्हणतो मी वरून बघून साका ओळखतो. साक्याचं फळ बाहेरून धडधाकट दिसतं. कापल्यावर गर पांढरट, भुसभुशीत, आंबट. डॅनिएल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोघे तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेबद्दल अगदी विरुद्ध मतांचे. २००९ मध्ये त्यांनी एकत्र बसून एक लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं जमलं. ज्या गोष्टीचा अंदाज करायचा तिच्या भरवशाच्या खुणा मुळात असल्या पाहिजेत, आणि आपला अंदाज चुकला का बरोबर हे माणसाला वारंवार कळलं पाहिजे. कोवळा-तयार या निवडीत दोन्ही अटी पुऱ्या होतात. साक्यात पहिलीच लंगडी, आणि दुसरी तर नाहीच. फळ कापणारा मुंबईत, ओळखणारा देवगडात. असा माणूस खात्रीनं बोलतो, यात नवल नाही. खात्री ही अनुभवाच्या वर्षांबरोबर वाढते, पारख वाढायला उत्तर मिळावं लागतं. तुमचे तात्या साक्याबद्दल काही सांगत असतील तर प्रेमानं ऐका आणि सरावातून वगळा.

आता गाणी. ‘नकळत शिकणं’ या शब्दानं एक गैरसमज होतो, की लक्ष न देताही शिकता येतं. निसेन आणि बुलेमर यांनी १९८७ मध्ये लोकांना चार दिव्यांसमोर बसवलं. जो दिवा लागेल त्याखालचं बटण दाबायचं. दिवे दहा टप्प्यांच्या ठरावीक क्रमानं लागत होते. लोकांचा हात भराभर वेगवान होत गेला, आणि स्मरणशक्ती गमावलेल्या रुग्णांचाही झाला. पण ज्यांना त्याच वेळी कानावर पडणारे आवाज मोजायला लावले त्यांचा तो क्रम पक्का होईना. म्हणजे क्रम आहे हे कळायची गरज नव्हती, पण दिव्यांकडे अवधान हवंच होतं. सरावाच्या अर्ध्या तासात म्हणून गाणी बंद, मोबाइल खिशात नव्हे, खुंटीवर. हात बसल्यावर गाण्यांना माझी हरकत नाही. फोनवर बोलणं वेगळं. कानात बोंडं घालून हात मोकळे असले तरी बोलणारा माणूस समोरच्या कामात नसतो. गाडी चालवण्याच्या प्रयोगात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांना २००१ मध्ये हेच दिसलं, फोन हातात धरा नाहीतर धरू नका, संभाषणच आड येतं.

गाण्यांपेक्षा मला तुमच्या दुसऱ्या एका वाक्याची काळजी वाटली. तुम्ही लिहिलंय की एक गडी सकाळी आठ ते दुपारी एक सलग निवडीवर बसतो. नॉर्मन मॅकवर्थ यांनी दुसऱ्या महायुद्धात रडारवर नजर ठेवणाऱ्यांसाठी एक घड्याळ बनवलं होतं. काटा सेकंदाला एक घर पुढे सरके, क्वचित कधी दोन घरं उडी मारे, ती उडी टिपायची. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटायला लागतात. पाच तास तर सोडूनच द्या. अर्ध्या तासानं जागा बदला: निवडणारा पुसायला, पुसणारा पेटी भरायला, भरणारा निवडीला.

त्यात आणखी एक मेख आहे. तुमची काढणी चांगली असेल, झेल्यावरचे गडी जुने असतील, तर शंभरात कोवळी फळं दोन-तीनच येणार. आणि जे क्वचित येतं ते डोळ्याला दिसत नाही. वोल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना चित्रांच्या पसाऱ्यात अवजारं शोधायला दिली. अवजार निम्म्या चित्रांत असताना ते ७ टक्के वेळा निसटलं, शंभरातल्या एकाच चित्रात असताना ३० टक्के वेळा. माणसं आळशी झाली नव्हती, ‘नाही’ म्हणायची सवय झाली होती. उपाय सोपा आहे. सरावात कोवळी आणि तयार निम्मी-निम्मी ठेवा, आणि रोजच्या कामातही खूण केलेली पाच-सहा कोवळी फळं क्रेटमध्ये गुपचूप मिसळा. दिवसाअखेर किती सापडली ते मोजा. फक्त हे गड्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल मालक सापळा लावतोय.

आणि एका फेरीत एकच काम. तयारपणा, आकार, डाग हे सगळं एकाच नजरेत बघायला सांगू नका. २०१३ मध्ये चोवीस रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या आणि शेवटच्या स्कॅनमध्ये काडेपेटीएवढा गोरिला घालून ठेवला. वीस जणांना तो दिसला नाही. ही माणसं आयुष्यभर स्कॅनच बघत आलेली. आकारावर लक्ष असलेल्या गड्याला डाग दिसला नाही तर त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नाही.

तुम्हाला कुणीतरी असंही सांगेल की जिथे शिकलं तिथेच आठवतं, पाणबुड्यांचा प्रयोग आहे. आहे. गॉडन आणि बॅडली, १९७५, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखाली जास्त आठवले. तारकर्लीला डायव्हिंग करून आलेली माझी भाची तो मला अजून ऐकवते. पण २०२१ मध्ये तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. सराव शेडमध्येच घ्या, पण त्याचं कारण साधं आहे, तिथला उजेड आणि तिथलेच क्रेट.

अक्षय्य तृतीयेच्या आधीचा आठवडा येईल तेव्हा मालाची घाई असेल, भाव डोक्यात असेल, आणि तुमचे बाबा शेडच्या दारात उभे राहून “बघून घाला रे” म्हणतील. ते टाळता आलं तर टाळा. मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फचा फटका दोन गटांना शिकवला, एकाला सूचना देऊन, एकाला सूचनांशिवाय आणि मन दुसऱ्या कामात गुंतवून. दडपणाखाली सूचनावाले ढेपाळले. आपण काय करतोय हे ते पुन्हा पायरी-पायरीनं तपासू लागले असावेत. हा दुसरा गट मन गुंतवूनही शिकला, मग वर मी सरावात गाणी का बंद करायला लावली? कारण त्यांना प्रत्येक फटक्यानंतर चेंडू कुठे गेला ते दिसत होतं, आणि तरी ते सावकाशच शिकले. तुमच्याकडे हंगाम दोन महिन्यांचा आहे.

व्हिडिओ जरूर करा, पण मुलाखत नको. त्यात तात्या रंगाबद्दल बोलतील आणि तुम्ही ते जपून ठेवाल. फक्त हात घ्या. फळाचं वजन व्हिडिओत येत नाही, म्हणून तो शिकवायला पुरणार नाही. अंगठा कुठे जातो एवढं दाखवायला पुरेल. तात्या डावरे असतील तर कॅमेरा त्यांच्या उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर लावा, म्हणजे देठ वर येतो तो क्षण तळहाताआड जात नाही. आणि खुर्ची हातांची घ्या, उठताना गुडघ्यावर भार येणार नाही.